पन्हळीचं कूळ

लंडनच्या गोदीत १८३० च्या सुमाराला टर्पेंटाइन साठवायला एक शेड बांधली गेली. टर्पेंटाइन पेट घ्यायला वेळ लावत नाही, त्यामुळे छपराला लाकूड नको होतं. लोखंडाचं छप्पर घालायचं तर त्या काळी जड तुळया आणि कैच्या आल्या, आणि त्यांचा भार पेलणारं सगळंच मग जाडजूड करावं लागायचं. या शेडला छपराखाली काहीच नव्हतं. पातळ लोखंडी पत्र्याला ओळीनं पन्हळी पाडल्या होत्या आणि तो पत्रा कमानीसारखा वळवून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे टाकला होता. वासा नाही, कैची नाही. छप्पर स्वतःला स्वतःच पेलत होतं.

ही करामत हेन्री रॉबिन्सन पामरची. पामर लंडन डॉक कंपनीचा इंजिनिअर. १८१८ मध्ये लंडनमध्ये सिव्हिल इंजिनिअरांची संस्था स्थापन झाली, तिच्यामागे ज्या तरुणांचा पुढाकार होता त्यांतला तो एक. एकाच रुळावरून, खांबांच्या वरून धावणाऱ्या रेल्वेचं पेटंट त्यानं १८२१ मध्येच घेतलं होतं. त्याची उमेदवारी झाली ब्रायन डॉन्किनच्या कारखान्यात. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. डॉन्किननं दोन गोष्टींना आकार दिला: सलग कागद काढणारं यंत्र आणि खाद्यपदार्थ भरायचे कथिलाच्या पत्र्याचे डबे. एकात रोलर, दुसऱ्यात पत्रा. पामरनं पन्हळी पत्र्याचं पेटंट १८२९ मध्ये घेतलं आणि लवकरच ते रिचर्ड वॉकर नावाच्या बांधकाम करणाऱ्या सुताराकडे गेलं. पेटंटची मुदत १८४३ पर्यंत होती. खरा प्रसार झाला तो मुदत संपल्यावर.

पन्हळीनं नेमकं काय साधतं, हे कागदावर करून पाहण्यासारखं आहे. कोरा कागद दोन पुस्तकांवर आडवा ठेवला तर मधोमध लोंबतो. त्यालाच पंख्यासारख्या घड्या घातल्या की त्यावर पेला राहतो. कागद तोच, वजन तेच. फरक पडला तो इतकाच की कागदाचा बराचसा भाग मधल्या रेषेपासून वर किंवा खाली सरकला, आणि वाकायला विरोध करण्याचं काम तोच भाग करतो. पत्र्याचा हिशोब मांडला तर आकडा चकित करतो. ०.६ मिलिमीटर जाडीचा सपाट पत्रा घ्या. त्याला जगभर रूढ असलेली पन्हळ पाडा, म्हणजे तीन इंचांवर एक लाट आणि पाऊण इंच खोली. लाटेच्या दिशेनं त्याचा ताठपणा हजारपटीहून जास्त वाढतो. लाटेला आडवा मात्र तो जवळजवळ पहिल्याइतकाच लवचीक राहतो. एका दिशेला तुळई, दुसऱ्या दिशेला कागद! पामरनं छपरासाठी पन्हळीचा ताठपणा आणि कमानीचा आकार एकाच वेळी वापरले.

पण पामरच्या हातात सपाट, सारख्या जाडीचा पत्रा आला तो कुठून? पन्हळीच्या आधी पत्र्याचा जन्म व्हावा लागतो, आणि तिथं या कुळाचा मूळपुरुष भेटतो: दोन गुळगुळीत रोलर, मध्ये फट.

त्याआधी पत्रा ठोकूनच करत. पाणचक्कीवर चालणारा मोठा घण, त्याखाली तापवलेलं लोखंड. पत्रा इथं जाड, तिथं पातळ निघायचा. घणाचा दोष नव्हता तो, ठोके सुटेसुटे पडणारच. ठोकण्यात एक गुण मात्र होता, आणि तो पुण्यातल्या तांबट आळीत आजही डोळ्यांनी बघता येतो. कसबा पेठेतले तांबट भांडं घडवून झालं की त्यावर मठारकाम करतात. ऐरणीवर भांडं फिरवत लहान हातोडीनं एकाशेजारी एक ठोके, रांग चुकू न देता. प्रत्येक ठोक्याला एक चकाकणारी टिकली उमटते. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते. खरं तर गार धातूवर पडलेला प्रत्येक ठोका तिथला तांब्याचा पत्रा आवळून कडक करतो. मठारलेलं भांडं सहज चेपत नाही. गार धातूला दाबून, वळवून बळ आणायचं हे ज्ञान आपल्या कारागिरांच्या हातात किती जुनं आहे ते यावरून कळावं. रोलरनं पुढे तेच काम सलग केलं, ठोके न मोजता.

दोन रोलरांमधून धातू दाबून काढायचं रेखाटन लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत आहे. सुरुवात मऊ धातूंपासून झाली, कारण हाताच्या बळावर दबायचे ते तेच. शिसं, कथील, नाण्यांसाठी सोनं-चांदी. १६१५ मध्ये सालोमों द कोस या फ्रेंच इंजिनिअरनं ऑर्गनच्या नळ्यांसाठी शिसं आणि कथिलाचे पत्रे काढणारं हातयंत्र दाखवलं. लोखंड या फटीतून जाईना. त्याला लालभडक तापवावं लागतं, रोलर ओतीव लोखंडाचे आणि मोठे लागतात, फिरवायला नदीचं पाणी लागतं. वेल्समधल्या पाँटिपूल गावी जॉन हॅनबरी या कारखानदारानं ते सतराव्या शतकाच्या शेवटी जमवलं. १६९७ मध्ये एडवर्ड लुईड या विद्वानानं एका पत्रात या पत्र्यांचं वर्णन करून ठेवलं आहे. घणाखालून न येता रोलरांतून आलेला लोखंडी पत्रा सारख्या जाडीचा आणि गुळगुळीत असायचा. त्याला कथिलाची कल्हई बसायची ती सगळीकडे सारखी. वेल्स पुढे दोनशे वर्षं कथिलाच्या पत्र्याचं माहेरघर राहिलं, त्याचं मूळ इथं आहे.

गुळगुळीत रोलरला खाचा पाडायचं श्रेय इतिहासात बहुधा हेन्री कॉर्टला देतात. त्याच्या आधीही काहींनी तसा प्रयत्न केला होता, पण कारखान्यात ते पद्धतशीर चालवलं कॉर्टनं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ फाँटली इथं त्याची गिरणी होती. १७८३ मध्ये त्यानं खाचांच्या रोलरचं पेटंट घेतलं, १७८४ मध्ये लोखंड शुद्ध करायच्या भट्टीचं. खाच जशी तसा लोखंडाचा छेद: चौकोनी, गोल, चपटा. घणाखाली एक टन लोखंड ओढायला लागायचं तेवढ्या वेळात रोलरांतून पंधरा टन निघे, असा हिशोब सांगतात. म्हणजे धातूचा आकार आता कारागिराच्या मनगटात नव्हता, रोलरच्या अंगावर कोरलेला होता. ही मोठी उलथापालथ होती आणि तिची किंमत कॉर्टनं स्वतः मोजली. त्याचा भागीदार सॅम्युअल जेलिको. त्याचे वडील अॅडम जेलिको आरमाराच्या पगारखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि कॉर्टच्या धंद्यात त्यांनी लावलेला पैसा सरकारी निघाला. १७८९ मध्ये ते वारले, हिशोब उघडे पडले, सरकारनं वसुली काढली आणि तारण म्हणून दिलेली कॉर्टची पेटंटं गेली. पुढं त्याला वर्षाला दोनशे पौंडांचं निवृत्तिवेतन मिळालं आणि १८०० मध्ये तो उद्ध्वस्त अवस्थेतच मेला. इंग्लंडभरच्या गिरण्या त्याची पद्धत फुकट वापरत होत्या. ब्रिटनच्या औद्योगिक वैभवाच्या गोष्टी सांगताना हे पान अनेकदा उलटलं जात नाही, ते उलटायला हवं.

हॅनबरीचा सपाट पत्रा आणि कॉर्टचा खाचांचा रोलर यांची गाठ पडली वेस्ट ब्रॉमिचमध्ये. तिथल्या फिनिक्स कारखान्याच्या जॉन स्पेन्सरनं १८४४ मध्ये रोलरांनी पन्हळी पाडायच्या रीतीचं पेटंट घेतलं. साच्यात धरून एकेक पन्हळ दाबत बसण्याची गरज उरली नाही. जुन्या पद्धतीच्या या यंत्रात दोन जाड रोलर एकावर एक असत आणि त्यांच्या अंगावर लांबीनं पन्हळी कोरलेल्या असत. वरच्याचा उंचवटा खालच्याच्या खोलगटात बसे. पत्रा मध्ये घातला की एका वेळी एकच लाट पडत पुढे सरके, आणि त्या लाटेला लागणारा धातू मागून ओढला जाई. ओढायला मागं मोकळा पत्रा असतो म्हणून तो फाटत नाही. यात एक बंधन होतं. पन्हळ रोलरच्या लांबीत पडते, म्हणून ती त्या लांबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. सहा फुटी, आठ फुटी, दहा फुटी अशी पत्र्यांची ठरीव मापं घेऊन कित्येक पिढ्यांच्या घरांची पाखी ठरली. आणि पन्हळीत रुंदी खर्ची पडते. ३६ इंचांचा सपाट पत्रा पन्हळी पडल्यावर सुमारे ३२ इंच उरतो.

आता उरला गंज. पातळ लोखंड पावसात उघडं टाकलं तर काही वर्षांत चाळण होते. स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच माणसानं १८३७ मध्ये लोखंडाला वितळलेल्या जस्तात बुडवायचं पेटंट घेतलं. जस्त नुसतं झाकत नाही. ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. पामरची पन्हळ, स्पेन्सरचे रोलर आणि सोरेलचं जस्त पंधरा वर्षांच्या आत एकत्र आलं, आणि मग हा पत्रा गलबतांत चढला.

का चढला हे सोपं आहे. पन्हळी पत्रे एकात एक बसतात. शंभर पत्र्यांची थप्पी कंबरेएवढीसुद्धा होत नाही. घर थप्पी करून जहाजात घालता येतं ही कल्पनाच नवी होती. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली, पाठोपाठ ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात. दोन्हीकडे ना सुतार, ना विटा, ना वेळ. इंग्लंडमधून नंबर घातलेले पत्रे आणि सांगाडे गेले. त्यांतली काही घरं दक्षिण मेलबर्नमध्ये जपून ठेवलेली आहेत. त्याच सुमाराला, १८५१ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या बाल्मोरलच्या वाड्यात प्रिन्स अल्बर्टनं मँचेस्टरच्या बेलहाऊसकडून नाचासाठी पन्हळी पत्र्याचा हॉल उभारून घेतला. सोनं खणणाऱ्यालाही तोच पत्रा, राणीच्या नवऱ्यालाही तोच. पुढं ब्रिस्टलच्या जॉन लायसॅटनं १८५७ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याचे पत्रे ऑस्ट्रेलियात इतके गेले की तिथल्या खेड्याचं चित्र त्याशिवाय पुरं होत नाही. छप्पर पत्र्याचं आणि त्या छपरावरचं पावसाचं पाणी साठवायची टाकीही पन्हळी पत्र्याचीच.

लढायांनी या पत्र्याला आणखी वळवलं, शब्दशः. १९१६ मध्ये ब्रिटिश सैन्यातल्या पीटर निसेन या खाणकामाच्या इंजिनिअरनं अर्धगोल झोपडी काढली. पन्हळी पत्रा कमानीत वळवला की भिंत आणि छप्पर वेगळं करायला नको. पाच-सहा जवान काही तासांत ती उभी करत. पहिल्या महायुद्धात अशा लाखभर झोपड्या झाल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटनमध्ये घरामागच्या बागेत पुरायचा बॉम्बनिवारा आला. जाड पन्हळी पत्र्याचे वाकवलेले तुकडे, चार फुटांचा खड्डा, वर मातीचा थर, आत सहा माणसं. ज्या मंत्र्याच्या नावानं तो ओळखला गेला ते सर जॉन अँडरसन त्याआधी १९३२ ते १९३७ बंगालचे गव्हर्नर होते. हादरा बसला की ताठ भिंत तडकते, पन्हळी पत्रा वाकून मार पचवतो. लंडनमधल्या कितीतरी कुटुंबांचा जीव त्या वाकण्यानं वाचला.

विमानापर्यंतही पन्हळ पोचली. ह्यूगो युंकर्सचं एफ १३ हे प्रवासी विमान १९१९ मध्ये उडालं, त्याची सगळी कातडी पन्हळी होती. ड्युरालुमिन या हलक्या मिश्रधातूचा पातळ पत्रा, लाटा वाऱ्याच्या दिशेनं. पुढे वेग वाढले, लाटांचा वाऱ्याला होणारा अडथळा परवडेना, आणि पन्हळ बाहेरून आत गेली. कातडी गुळगुळीत झाली, तिला आतून ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या आल्या.

मोठ्या गिरण्यांच्या या इतिहासाबरोबर एक धाकटी पातीही वाढत होती, आणि माझा जीव तिच्यावर जास्त आहे. ती म्हणजे पत्रेकारागिराच्या बाकाला शिकंज्यासारखं आवळून बसवायचं हातयंत्र. दोन लहान रोलर, एकावर उंच कडा, दुसऱ्यावर खाच, बाजूला दांडा. अमेरिकेत कनेटिकट भागातल्या कथिलगारांसाठी अशी यंत्रं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाली. साउथिंग्टनच्या सेथ पेकचं नाव त्यांत घेतलं जातं. एका हातानं दांडा फिरवायचा, दुसऱ्या हातानं पत्रा सरळ धरायचा. पत्रा किंचित तिरका गेला की रेघ पळाली, आणि एकदा पडलेली रेघ पुसता येत नाही. पहिल्या फेरीत रोलर हलके दाबायचे, नुसती खूण पडेल इतके, मग स्क्रू आवळून दुसरी, तिसरी फेरी. एकदम दाबलं तर कडेचा पत्रा चुरगळतो. आयटीआयच्या शीट मेटलच्या वर्गात मुलं अजूनही हे हातानं शिकतात, आणि शिकवणारे चांगले असतील तर पहिला धडा दाबायचा नसतो, थांबायचा असतो.

या धाकट्या पातीच्या खुणा आपल्या घरात किती आहेत ते एकदा नजर फिरवून पाहावं. धान्याच्या कोठीच्या अंगावर पट्टे असतात, लग्नात आईनं आणलेल्या पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणावर उंच रेघा असतात. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याच्या बाजूंना दाबून उठवलेल्या चौकटी असतात. हा डबा मुळात घासलेटचा. बर्मा ऑइलनं टाटांबरोबर १९२० मध्ये जमशेदपूरच्या गोलमुरीला टिनप्लेट कंपनी काढली ती या डब्यांना पत्रा मिळावा म्हणून. मुंबईच्या चाळीतलं पाण्याचं पिंप घ्या. त्याच्या पोटावरची दोन कडी वेगळी बसवलेली नसतात, त्याच पत्र्यातून फुगवलेली असतात. पिंप गडगडत नेताना भार त्यांच्यावर येतो, अंग चेपत नाही. पोलादी पिंपाच्या या घराण्याची एक शाखा थेट नेली ब्लायपाशी जाते. बहात्तर दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारी हीच ती पत्रकार. नवऱ्यामागं तिनं त्याचा कारखाना चालवला आणि तिथल्या हेन्री वेरहान या माणसानं १९०५ मध्ये पोलादी पिंपाची पेटंटं घेऊन तिच्या नावे केली. आणि निळ्या जुन्या डब्यांच्या एक्स्प्रेसनं गावी जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायाखाली, फरशीच्या तळाशी, पन्हळी पत्राच असायचा. पेरांबूरच्या कारखान्यात बनलेल्या त्या डब्यांचा तळ तसाच रचलेला असे.

हिंदुस्थानात छपराचा पत्रा बराच काळ विलायतेतूनच येत होता. १९२४ च्या कायद्यानं परदेशी पोलादावर संरक्षक जकात बसली आणि त्याच दशकात जमशेदपूरच्या पत्र्याच्या गिरण्या उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर रूरकेला आलं. महाराष्ट्रात १९८० च्या दशकात ठाणे जिल्ह्यातलं वाशिंद आणि नागपूरजवळचं कळमेश्वर ही जस्ती पत्र्याची ठिकाणं झाली. तोवर जस्त चढवायची रीतही बदलली होती. एकेक पत्रा बुडवायचा जमाना गेला होता. पोलंडच्या ताडेउश सेंजिमिरनं १९३० च्या दशकात सलग पट्टी जस्तातून ओढायची रीत बसवली, आणि पत्रा गुंडाळीच्या, म्हणजे कॉइलच्या रूपात मिळू लागला.

कोकणात कौल हेच छप्पर. पण गेल्या काही दशकांत माकडांनी कौलं फोडायचा असा सपाटा लावला की भल्या भल्या घरांनी पत्रा चढवला. पावसाळ्यात आत बोललेलं ऐकू येत नाही, उन्हाळ्यात दुपारी घरात बसवत नाही, हे सगळं सोसून चढवला. दुष्काळी मुलखात कारण वेगळं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद, हे सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर लातूर-उस्मानाबादच्या कितीतरी गावांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. ज्या माळवदानं पिढ्यान्‌पिढ्या ऊन अडवलं त्याचंच वजन मारणारं ठरलं, तेव्हा हलकं छप्पर ही माणसाला किती मोठी गोष्ट वाटते ते त्या भागात गेल्यावर समजतं.

छप्पर घालणाऱ्या मिस्त्रीच्या कामातही एक शास्त्र आहे. एका पत्र्यावर दुसरा चढवताना दीड पन्हळ चढवायची. एकच चढवली तर वाऱ्यानं ढकललेलं पाणी सांध्यातून आत येतं. वरच्या रांगेचा पत्रा खालच्यावर निदान सहा इंच. चढ कमी असेल तर जास्त. वारा जिकडून येतो त्याच्या उलट टोकापासून पत्रे घालायला घ्यायचे, म्हणजे सांध्याचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही. आणि हूक किंवा स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर, कधीही खोलगटात नाही. पाणी वाहतं ते खोलगटातून.

आज हायवेच्या कडेला तालुक्या-तालुक्याला पत्र्याची यंत्रं बसली आहेत. एका टोकाला रंगीत कॉइल, दुसऱ्या टोकाला हव्या त्या लांबीचा पत्रा. मध्ये रोलरांच्या जोड्या एकामागं एक, पंधरा-वीस. या यंत्रात पन्हळ पत्र्याच्या चालीच्या दिशेनं पडते, म्हणून लांबीचं जुनं बंधन सुटलं. पण नवी अडचण आली. पट्टीच्या मधल्या लाटेला लागणारा धातू बाजूनं आत ओढला जायला हवा. सगळ्या लाटा एकाच जोडीत पाडल्या तर बाजूच्या लाटा पत्रा धरून ठेवतील आणि मधला फाटेल. म्हणून पहिल्या जोड्या फक्त मधली लाट पाडतात, पुढच्या तिच्या दोन्ही बाजूंची, आणि असं करत करत कड येते. यंत्राच्या बाजूला उभं राहून पाहिलं तर १२२० मिलिमीटरची पट्टी चालता चालता अरुंद होत गेलेली डोळ्यांना दिसते.

इथं मला काळजीची गोष्ट सांगायची आहे. सपाट पत्रा निम्म्या जाडीचा केला तर त्याचा ताठपणा आठव्या हिश्शावर येतो. हातात घेताच फसवणूक कळते. पन्हळी पत्रा निम्म्या जाडीचा केला तर ताठपणा फक्त निम्मा होतो, आणि तोही हातात घेऊन सहसा कळत नाही. आकार जाडीची उणीव झाकतो. जास्त ताकदीचं पोलाद वापरून पातळ पत्रा प्रामाणिकपणे करता येतो, चांगले कारखाने तसा करतातही. पण स्क्रूच्या भोवती पत्रा फाटायचा थांबतो तो त्याच्या जाडीमुळे, गंज आरपार जायला वेळ लागतो तो जाडीमुळे आणि जस्तामुळे. पन्हळ यांतलं काहीच देत नाही. १९७४ च्या नाताळात ट्रेसी वादळानं ऑस्ट्रेलियातलं डार्विन शहर जवळपास झोपवलं. तपासात दिसलं की वाऱ्याच्या उलटसुलट झटक्यांनी पत्रा स्क्रूच्या डोक्याभोवती थकून तडकला होता आणि तिथून सुटला होता. त्यानंतर तिथं पत्र्यांची चाचणी वारंवार ताण देऊन घ्यायचा नियम आला. आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला धडकलं तेव्हा रायगड-रत्नागिरीतली किती छपरं गेली ते आपण पाहिलं आहे.

म्हणून पत्रे घ्यायला जाल तेव्हा गेजवर आणि रंगावर जाऊ नका. जाडी मिलिमीटरमध्ये विचारा, आणि ती रंगासकट आहे की नुसत्या पोलादाची, हेही विचारा. जस्त किती, ते चौरस मीटरला ग्रॅममध्ये असतं, दोन्ही बाजू मिळून. १२० चा पत्रा स्वस्त पडतो, पण खाऱ्या वाऱ्याच्या गावी त्याहून कितीतरी जास्त जस्ताचा घ्या. दुकानदाराला हे बिलावर लिहून द्यायला सांगा. आणि मिस्त्रीला सांगा की छपराच्या कडेच्या आणि मोभाजवळच्या ओळींत प्रत्येक माथ्यावर स्क्रू मार, एक सोडून एक नको. वारा पत्रा उचलायला लागतो तो कडेपासून.